तमिळ कॉमेडी म्हणे चोरीच्या प्रिंटमध्येही तेवढीच हसवते

घरच्या ग्रुपवर मामेभावाने एक मेसेज ढकललाय, खाली चोरून टिपलेल्या सिनेमाची टेलिग्राम लिंक. म्हणणं असं: तमिळ कॉमेडी म्हणजे नुसते संवाद, ती कसल्याही प्रिंटमध्ये चालते, फुकट प्रसिद्धी होते, तमिळनाडूत तिकिटं महाग आहेत, निर्मात्याला ओटीटीचे पैसे मिळतातच, आणि चोर कधी सापडत नाही.

पहिला मुद्दा ज्याने लिहिला, त्याने चोरीची प्रिंट नीट ऐकलेलीच नाही. हॉलमध्ये हशा पिकला की चोरून टिपणाऱ्या फोनचा माइक आवाजाची पातळी आपोआप खाली ओढतो, ती पुन्हा वर यायला क्षणभर लागतो. तमिळ कॉमेडीतला ‘काउंटर’, म्हणजे समोरच्याला दिलेलं झटपट उलट उत्तर, नेमका त्याच क्षणात पडतो. ‘करगाट्टकारन’मधला (1989) केळ्यांचा प्रसंग घ्या. दोन केळी आणायला सांगितली होती, एक इथे आहे, दुसरं कुठे, असं विनोदी नट गौंडमणी विचारतात. त्यांचे जोडीदार सेंदिल म्हणतात, ते दुसरंच तर हे! तेच उत्तर पुन्हा पुन्हा येतं आणि दर वेळी गौंडमणींचा पारा आणखी चढतो. यातलं एक उत्तर हशात बुडालं की पुढचा संताप कशासाठी तेच कळत नाही. चित्राची गतही तीच. पडदा तिरका टिपलेला, रुंद चौकटीच्या कडा कापलेल्या. बोलणारा दिसतो, कडेला उभा राहून तोंड वाकडं करणारा गायब. विनोदी नट वडिवेलूंचा निम्मा विनोद चेहऱ्यावर असतो, तो अशा प्रिंटमध्ये शोधायचा कुठे? हे पाहून लोक ‘पिक्चर बोअर आहे’ लिहून मोकळे होतात. ही म्हणे प्रसिद्धी.

मोठ्या स्टारचा सिनेमा आगाऊ बुकिंगवर सुरुवातीलाच बराच पैसा काढतो. लहान कॉमेडी लोकांच्या बोलण्यावर हळूहळू चढते. ‘टुरिस्ट फॅमिली’ हा असाच लहान सिनेमा 1 मे 2025 ला मोठा स्टार सूर्याच्या ‘रेट्रो’समोर लागला आणि ओटीटीवर आला 2 जूनला. अशा सिनेमाची कमाई त्या मधल्या महिन्यातच. पहिल्याच दिवशी लिंक फिरली, तर घाव बसतो तो याच दिवसांवर.

ईवाय ही सल्लागार कंपनी आणि आयएएमएआय ही इंटरनेट कंपन्यांची संघटना यांच्या 2024 च्या अहवालात भारतातल्या पायरसीची 2023 मधली उलाढाल 22,400 कोटी रुपये धरली आहे, त्यातले 13,700 कोटी थिएटरमधून चोरलेल्या मालाचे. फुकट पाहणारा प्रत्येक जण तिकीट काढणारच होता असं नाही, हे मान्य. तमिळ कॉमेडी सबटायटलसह आपल्याकडच्या लहान गावांत लागत नाही, हेही खरं. पण मेसेज तमिळनाडूतल्या तिकिटांबद्दल बोलतोय, आणि तिथे सरकारने 2017 मध्ये एसी मल्टिप्लेक्सचं मूळ तिकीट कर सोडून 150 रुपयांवर बांधलं. पॉपकॉर्न महाग असतं, ते वेगळं.

ओटीटीवाले लहान सिनेमाचा सौदा बऱ्याचदा थिएटरमधली कमाई बघून करतात. तीच बुडाली की भावही पडतो.

चोर सापडत नाही? डिजिटल प्रोजेक्शनमध्ये चित्रात आणि आवाजात न दिसणारी, न ऐकू येणारी खूण मिसळलेली असते. कुठल्या यंत्रावर, कुठल्या तारखेला, कोणत्या पंधरा मिनिटांत खेळ चालू होता, हे त्यातून निघतं. त्यासाठी साधारण अर्ध्या तासाचा तुकडा पुरतो. पुढे माणूस शोधायला सीट-बुकिंग आणि सीसीटीव्ही आहेत. जुलै 2024 मध्ये तिरुवनंतपुरमच्या थिएटरात तमिळ सिनेमा फोनवर टिपताना एकाला पोलिसांनी पकडलंच. सिनेमॅटोग्राफ कायद्यातल्या 2023 च्या दुरुस्तीनंतर अशा रेकॉर्डिंगला किमान तीन महिने कैद आणि तीन लाख दंड आहे. कमाल तीन वर्षं आणि निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड.