‘सिन्स टू इयर्स’वर हसणाऱ्यांनो, हे वाचा

आज सकाळी एका ग्रुपवर कुणीतरी एका मुलाच्या नोकरीच्या अर्जाचा स्क्रीनशॉट टाकला. नाव झाकायची तसदीसुद्धा घेतली नव्हती. चार-पाच ओळींचा ईमेल. ‘आय ॲम वर्किंग सिन्स टू इयर्स इन वन कंपनी. आय ॲम हॅविंग गुड नॉलेज ऑफ टॅली. आय विल सेंड डॉक्युमेंट्स टिल फ्रायडे. काइंडली रिव्हर्ट बॅक अँड डू द नीडफुल.’ खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. हसणारे सगळे मराठी, सगळे शिकलेले.

मला संताप आला तो त्या हसण्याचा. कारण त्या अर्जातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य शुद्ध मराठी आहे. त्या मुलाचं व्याकरण पक्कं आहे, फक्त ते मराठीचं आहे. आणि हे त्याला शाळेत एकानेही समजावून सांगितलेलं नाही. बारावीपर्यंत इंग्रजी शिकवायचं, त्यात काळांचे तक्ते पाठ करून घ्यायचे, पण ‘तुझी मराठी इथे आडवी येते, ती अशी’ हे एकदाही सांगायचं नाही. मग मुलगा चुकला की हसायला सगळे हजर.

‘सिन्स टू इयर्स’ घ्या. मराठीत ‘2021पासून’ आणि ‘दोन वर्षांपासून’ दोन्हीकडे एकच ‘पासून’ लागतं. इंग्रजीत तिथे दोन वाटा फुटतात. ‘केव्हापासून?’ याचं उत्तर असेल तर सिन्स: सिन्स 2021, सिन्स मार्च, सिन्स मंडे. ‘किती काळ?’ याचं उत्तर असेल तर फॉर: फॉर टू इयर्स. स्वतःला हे दोन प्रश्न विचारले की काम झालं. क्रियापदाचा घोळ वेगळा. आपण ‘करतोय’ म्हणतो, म्हणून ‘आय ॲम वर्किंग’. इंग्रजीला मागे सुरू होऊन अजून चालू असलेल्या कामासाठी ‘आय हॅव बीन वर्किंग’ लागतं. घाबरून ‘आय वर्क्ड फॉर टू इयर्स’ लिहिलं, तर वाचणारा समजतो की नोकरी सोडली. नोकरीच्या अर्जात हा फरक महागात पडतो.

‘आय ॲम हॅविंग’चंही तसंच. ‘मला समजतंय’, ‘मला आवडतंय’ हे आपण सहज म्हणतो, म्हणून ‘आय ॲम अंडरस्टँडिंग’ तोंडात येतं. हॅव, नो, अंडरस्टँड, वाँट, नीड, बिलीव्ह ही स्थिती सांगणारी क्रियापदं साधारणपणे ‘आयएनजी’ घेत नाहीत. ज्ञान, मालकी, नातं, आजार यांसाठी नुसतं ‘आय हॅव’. पण ‘आय ॲम हॅविंग लंच’ बरोबर, कारण तिथे हॅव म्हणजे जेवण्याची क्रिया. एवढं दोन मिनिटांत सांगता येतं. कुणी सांगितलं का त्याला?

‘वन कंपनी’वर तर सगळ्यात जास्त हसले. अरे, ‘एका कंपनीत’ असंच म्हणतो ना आपण? मराठीत ‘अ’, ‘ॲन’ असा वेगळा शब्दच नाही, ‘एक’ ते काम भागवतं. इंग्रजीत ‘वन’ म्हटलं की मोजणी होते: एक, दोन नव्हेत. आणि ‘अ’ की ‘ॲन’ हे ठरवायला देवनागरीसारखं साधन नाही. शब्द देवनागरीत लिहा. पहिलं अक्षर स्वर असेल तर ॲन, व्यंजन असेल तर अ. एसटी, एमपीएससी, एफआयआर, अवर (म्हणजे तास), ऑनेस्ट यांना ॲन. यूपीएससी, युनिव्हर्सिटी, युरोपियन, वन-वे यांना अ. इंग्रजी स्पेलिंगकडे बघूच नका, तेच फसवतं. सांभाळायचं ते ‘इयर’पाशी. वर्ष या अर्थाचा शब्द आपण ‘इयर’ लिहितो, पण उच्चार ‘यिअर’, म्हणून अ इयर. कानाला मात्र ॲन इअर.

आता ‘टिल फ्रायडे’. ही चूक मी मराठी माध्यम, इंग्रजी माध्यम, मॅनेजर, डॉक्टर सगळ्यांच्या लिखाणात बघते. त्या ग्रुपवर हसणाऱ्यांपैकी निम्म्यांना हे चुकलंय हेसुद्धा कळलं नसणार. ‘शुक्रवारपर्यंत कागद द्या’ आणि ‘शुक्रवारपर्यंत ऑफिस बंद’, आपल्याला दोन्हीकडे ‘पर्यंत’ पुरतं. इंग्रजीत काम एकदाच होऊन संपणार असेल तर बाय: सेंड इट बाय फ्रायडे. काही सलग चालू राहणार असेल तर टिल किंवा अंटिल: क्लोज्ड टिल फ्रायडे. ‘आय विल सेंड टिल फ्रायडे’ याचा अर्थ शुक्रवार उजाडेपर्यंत मी पाठवतच राहीन. टेंडर, फी, व्हिसाचे कागद, जिथे मुदत असते तिथे हा एक शब्द तपासून घ्या.

‘रिव्हर्ट बॅक’बद्दल बोलायचं तर ती त्या मुलाची चूक नाहीच. हसणाऱ्यांच्याच ऑफिसांतून रोज असे ईमेल जातात, तिथूनच त्याने उचललंय. रिव्हर्ट म्हणजे पूर्वीच्या स्थितीला परत जाणं. भारतात त्याचा अर्थ ‘उत्तर द्या’ असा रुळलाय आणि आपापसात तो चालतो. पण सॉफ्टवेअरमधल्या लोकांनी अमेरिकेतल्या टीमला ‘प्लीज रिव्हर्ट’ लिहिलं, तर केलेला बदल मागे घ्या, असाही अर्थ निघतो. ‘प्लीज रिप्लाय’ लिहा. ‘बॅक’ दोन्हीकडे नको. ‘डू द नीडफुल’ तर ब्रिटिशांच्याच जुन्या कचेरीतलं. त्यांनी टाकलं, आपण जपलं, यात हसण्यासारखं काय आहे? त्याची खरी अडचण ही की नेमकं काय करायचं ते त्यात येत नाही. ‘फॉर्म सही करून पाठवा’ हेच सरळ लिहावं.

तसंच ‘प्रिपोन’, म्हणजे ठरलेली वेळ अलीकडे आणणं. इंग्रजीत असा शब्दच नाही, असं छातीठोक सांगणारे खूप भेटतात. 1913 साली न्यूयॉर्क टाइम्सला आलेल्या एका पत्रात हा शब्द आहे आणि ऑक्सफर्डने तो कोशात घेतलाय. भारतात खुशाल वापरा. परदेशी माणसाला मात्र तो कळेलच असं नाही, आणि तिथे ‘मूव्ह्ड फॉरवर्ड’ लिहायला गेलात तर आणखी गोंधळ. आपण मीटिंग ‘पुढे’ ढकलतो म्हणजे उशिरा घेतो. इंग्रजीत ‘ब्रिंग फॉरवर्ड’ म्हणजे अलीकडे घेणं. बुधवारची मीटिंग दोन दिवस ‘मूव्ह्ड फॉरवर्ड’ झाली म्हटलं, तर ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे त्यांच्यातही काही जण सोमवारी येतील आणि काही शुक्रवारी. मग आपल्या मुलांनीच का लाजायचं? नवा वार आणि तारीख लिहा. महिना अक्षरांत लिहा, कारण 10/12 म्हणजे आपला 10 डिसेंबर आणि अमेरिकेचा 12 ऑक्टोबर.

‘पास्ड आउट इन 2019’ हे बाहेरच्या माणसाला ‘2019मध्ये बेशुद्ध पडलो’ असं ऐकू येतं. खडकवासल्याच्या एनडीएत पासिंग आउट परेड होते, ब्रिटिश लष्करातही म्हणतात, पण तो प्रयोग लष्करी प्रशिक्षणाचा. कॉलेजसाठी ‘ग्रॅज्युएटेड’.

आणि स्पेलिंगच्या चुकांवर हसणाऱ्यांना एकच सांगते. ‘डेट’, म्हणजे कर्ज, या शब्दातला मूक ‘बी’ मुळात नव्हताच. तो जुन्या फ्रेंचमधून ‘बी’शिवाय आला. पुढे पंडितांना लॅटिनचं मूळ दाखवायची हौस आली आणि त्यांनी तो घुसडला. ‘आयलंड’मधला ‘एस’ तर चक्क चुकून आलाय, त्या शब्दाचा लॅटिनशी काही संबंध नसताना. इंग्रजांच्या चुका स्पेलिंग म्हणून आपण घोकायच्या आणि आपल्या पोराची चूक झाली की स्क्रीनशॉट काढायचा?

हो, अर्ज पाठवण्याआधी त्याने कुणाला तरी दाखवायला हवा होता. मान्य.

पण लिहिलेलं निदान दाखवता येतं. बोलताना एक चूक अशी होते की ती समोरच्याला चूक वाटतच नाही, तो तिच्यावर विश्वास ठेवतो. ‘तुझ्याकडे पासपोर्ट नाही का?’ असं विचारलं की आपण म्हणतो, ‘हो, नाहीये.’ आपलं ‘हो’ समोरच्याच्या वाक्याला दुजोरा देतं. इंग्रजीत येस-नो वस्तुस्थितीला धरून असतं. ‘डोंट यू हॅव अ पासपोर्ट?’ यावर नुसतं ‘येस’ म्हणालात तर ‘आहे’ असं धरलं जातं. नसेल तर ‘नो, आय डोंट’. इंटरव्ह्यूत, व्हिसाच्या खिडकीवर, परदेशात डॉक्टरसमोर ‘यू आर नॉट ॲलर्जिक टू पेनिसिलीन?’ असं विचारल्यावर हा घोळ केवढ्याला पडेल, विचार करा. ‘वुड यू माइंड वेटिंग?’ यातही तेच. माइंड म्हणजे हरकत असणं, तेव्हा ‘येस’ म्हणजे ‘हो, हरकत आहे’. थांबायला तयार असाल तर ‘नॉट ॲट ऑल’.

घरात दहावी-बारावीतली मुलं असतील तर आज रात्री जेवताना त्यांना असे नकारार्थी प्रश्न इंग्रजीत विचारा. ‘डिडंट यू गो टू क्लास टुडे?’, ‘इजंट युअर होमवर्क डन?’ नुसतं येस किंवा नो चालवून घेऊ नका. पूर्ण उत्तर घ्या: ‘नो, आय डिडंट’, ‘येस, इट इज’. आठवडाभर रोज दहा प्रश्न. विचारणारा जरा चुकला तरी चालेल, फक्त कुणी हसायचं नाही.