संदर्भसूची सजवावी कशी?

संदर्भसूची ही वाचकाला मूळ ग्रंथापर्यंत पोहोचवण्यासाठी असते, असा एक भाबडा समज काही जुन्या वळणाच्या प्राध्यापकांमध्ये अजून टिकून आहे. तुम्ही त्याला बळी पडू नका. वाचकाने शेवटच्या पानावरच थांबावे, यादीची लांबी पाहून समाधानाने मान डोलवावी आणि पुढची असाइनमेंट हाती घ्यावी, यासाठीच ही सूची असते, हे एकदा ध्यानात घेतले की बाकी सारे सोपे आहे.

आधी संपूर्ण असाइनमेंट लिहून काढावी आणि मग संदर्भ शोधायला बसावे. वाचून मत बनवण्यात वेळ फार जातो, शिवाय ते मत बदलण्याचा धोका असतो; मत तयार ठेवून त्याला शोभेल असे शीर्षक हुडकणे हे दहा मिनिटांचे काम आहे. सापडलेल्या निबंधाचा सारांशही वाचू नये, कारण निबंधाचा निष्कर्ष तुमच्या विधानाच्या नेमका उलट आहे असे त्यात आढळले, तर उगाच मनाला रुखरुख लागते.

याहून सोपा मार्ग म्हणजे दुसऱ्याची सूची जशीच्या तशी उतरवणे. विकिपीडियावरील लेख वाचावा, त्याचे नाव मात्र कुठेही घेऊ नये आणि त्याच्या तळटीपांतील ग्रंथ आपणच धुंडाळल्याच्या थाटात नोंदवावेत. मूळ ग्रंथ पाहिला नसेल तर ‘अमुक यांनी उद्धृत केल्याप्रमाणे’ असे लिहिण्याची पद्धत आहे खरी, पण त्यातून आपण काय वाचले नाही हे उघड होते आणि असला प्रामाणिकपणा गुणपत्रिकेत कुठेच दिसत नाही. या मार्गावर तुम्ही एकटे नाही, याचीही खात्री बाळगा. सिमकिन आणि रॉयचौधरी या संशोधकांनी २००३ साली एका गाजलेल्या निबंधाचे सुमारे ४३०० संदर्भ तपासले, तेव्हा त्यांपैकी १९६ नोंदींत छापील चुका निघाल्या आणि त्यांतली पृष्ठ क्रमांकाची एकच चूक तब्बल ७८ जणांकडे अंकासकट सारखी होती. या संशोधकांनी त्यावरून असा अंदाज बांधला की, संदर्भ देणाऱ्यांपैकी जेमतेम २० टक्के लोक मूळ लेखन वाचत असावेत. इतक्या जणांची लेखणी नेमकी एकाच अंकावर घसरावी, याला कुणी नक्कल म्हणेल; आपण विद्वानांचे एकमत म्हणावे.

ग्रंथ अस्तित्वात असलाच पाहिजे, हा आग्रहही सोडून द्यावा. एका मोठ्या प्रकाशनसंस्थेने लेखकांना नमुना म्हणून दिलेल्या मसुद्यात, वैज्ञानिक लेख लिहिण्याच्या कलेविषयीच्या एका निबंधाची नोंद केवळ मांडणी कशी असावी हे दाखवण्यासाठी रचलेली होती. असा निबंध कधी कुणी लिहिलाच नव्हता, तरी पुढे तो सुमारे ४०० संशोधनलेखांच्या संदर्भसूच्यांत जाऊन बसला आणि २०१७ साली त्याची लबाडी चव्हाट्यावर येईपर्यंत त्याने कुणाचे काही बिघडवले नव्हते. आता तर असे निबंध मागताक्षणी रचून देणारी यंत्रे हाताशी आहेत. लेखक खरा, नियतकालिक खरे, वर्ष पटण्यासारखे आणि निबंध तेवढा शून्यातला, ही त्यांची खासियत. न्यूयॉर्कमधल्या काही वकिलांनी २०२३ साली अशाच यंत्राने सुचवलेले निकाल न्यायालयात सादर केले आणि त्यांना ५००० डॉलरचा दंड झाला, हे खरे. पण त्यांचे दुर्दैव एवढेच की, समोरच्या पक्षाच्या वकिलांनी ते निकाल शोधून पाहिले. तुमच्या वाचकाला तशी खोड लागू नये, याची काळजी पुढीलप्रमाणे घ्यावी.

पृष्ठ क्रमांक कधीही देऊ नये. सहाशे पानांच्या ग्रंथाचे नुसते नाव दिले की तुमचे विधान त्यात नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी आपोआप वाचकावर जाते. संकेतस्थळाच्या मुखपृष्ठाचा पत्ता द्यावा, नेमक्या लेखाचा नव्हे. डीओआय नावाच्या, १० या अंकाने सुरू होणाऱ्या क्रमांकापासून तर चार हात दूरच राहावे, कारण संकेतस्थळाचा पत्ता बदलला तरी हा क्रमांक वाचकाला थेट मूळ निबंधाशी नेऊन सोडण्यासाठीच असतो. संदर्भ नोंदवण्याच्या शैलींचे म्हणाल तर एपीए आणि एमएलए या दोन प्रचलित आहेत; एपीएमध्ये वर्ष लेखकाच्या नावालगत येते आणि एमएलएमध्ये ते नोंदीच्या शेवटाकडे सरकते. तुम्ही दोन्ही शैली एकाच यादीत नांदवाव्यात आणि वर्णानुक्रमाला फाटा द्यावा.

प्रत्यक्ष मजकुरात संदर्भ कुठे द्यावा, हा खरा कलेचा भाग आहे. दुसऱ्याच्या चार परिच्छेदांचे शब्द थोडे मागेपुढे करून लिहावे आणि अगदी शेवटच्या वाक्यापाशी एकच कंस टाकावा, म्हणजे कुठवर त्याचे आणि कुठून तुमचे हे कुणालाच सांगता येणार नाही. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, या विधानाला तीन संदर्भ द्यावेत. ‘बहुसंख्य तज्ज्ञांच्या मते’ या शब्दांनी सुरू होणाऱ्या, ज्याच्यावर तुमचा सारा युक्तिवाद उभा आहे त्या वाक्याला मात्र एकही देऊ नये.

तोंडी परीक्षेत यादीतल्या सतराव्या ग्रंथाविषयी कुणी विचारलेच, तर तो वाचनालयात वाचल्याचे सांगावे. परीक्षकांनी कपाटातून त्याचीच प्रत काढून समोर ठेवली, तर आपण वाचलेली आवृत्ती वेगळी होती असे शांतपणे म्हणावे. ग्रंथाची आजवर एकच आवृत्ती निघालेली नाही ना, एवढे आधी पाहून ठेवा. त्यासाठी तो उघडावा लागेल, पण सुरुवातीचे एखादे पान पुरे.