फोटोच पाठवा हो!

आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवाची स्मरणिका झीलाटेक या अक्षरजुळणीच्या आज्ञावलीत जुळवण्याचे काम माझ्याकडे आहे, आणि जुळवून झालेली पीडीएफ सभासदांच्या ग्रुपवर टाकली की दरवर्षी एकच ओरड होते: ‘‘पीडीएफ नको हो, फोटो पाठवा!’’ कोणत्याही यंत्रावर पान जसेच्या तसे दिसावे म्हणून 1993 साली जन्मलेला आणि 2008 साली आंतरराष्ट्रीय मानक ठरलेला हा प्रकार आमच्या बी विंगमध्ये अद्याप पोचलेला नाही. सहचिटणीसांच्या मते संगणकाच्या पडद्याचे मोबाइलने फोटो काढले की काम भागते. त्या फोटोंत पानापेक्षा पडद्यावरच्या आडव्या रेषाच ठळक दिसतात, म्हणून पीडीएफच्या पानांची चित्रे करण्याचे काम आज्ञावलीकडूनच करून घ्यायचे असे मी ठरवले.

इमेजमॅजिक नावाचे साधन एका ओळीच्या आज्ञेत हे करते, अशी त्याची ख्याती आहे. प्रत्यक्षात ते पीडीएफ स्वतः वाचत नाही. घोस्टस्क्रिप्ट या दुसऱ्याच आज्ञावलीकडून वाचून घेते आणि श्रेय आपल्या नावावर लावते. त्या घोस्टस्क्रिप्टमध्ये 2018 साली सुरक्षेची भगदाडे सापडल्यापासून लिनक्स या संगणकप्रणालीच्या अनेक आवृत्त्यांनी हा व्यवहारच बंद ठेवला आहे, त्यामुळे पहिले उत्तर येते ते सुरक्षा धोरणात परवानगी नसल्याचे. आपल्याच घरात, आपल्याच फाइलसाठी, धोरणाच्या फाइलीतली एक ओळ बदलायला संगणकाचे सर्वाधिकार मागून घ्यावे लागतात.

परवानगी मिळाल्यावर चित्रे निघाली, पण इंचाला 72 ठिपके या हिशेबाने. म्हणजे ए-फोर आकाराचे अख्खे पान जेमतेम 595 बाय 842 ठिपक्यांत कोंबलेले. इंग्रजी मजकूर एवढ्यात कसाबसा तग धरतो. देवनागरीचा मात्र सारा जीव शिरोरेषेच्या वर असतो आणि तिथेच पहिली कुऱ्हाड पडते. श्रद्धांजलीच्या पानावरच्या शांताबाईंचा अनुस्वार गेला, ‘सर्व’ शब्दाचा रफार गेला आणि सोसायटीच्या वतीने आम्ही ‘शाताबाईंना सव सभासदांची’ आदरांजली वाहिली. ठिपके 300 करावेत, तर तो आकडा आज्ञेत फाइलच्या नावाच्या आधी लिहावा लागतो. नंतर लिहिल्यास कोणतीही तक्रार न करता तेच अंधूक पान पुन्हा हाती येते. चूक सांगणारे यंत्र परवडले, हे असे मुकाट ऐकल्यासारखे करणारे नको.

पुढे पाने काळी झाली. पीडीएफच्या पानाला मागे कागद असतोच असे नाही आणि जेपेग या चित्रप्रकाराला पारदर्शकता ठाऊक नसते, त्यामुळे काळ्या मजकुरामागे काळीच पार्श्वभूमी आली. यावर आंतरजालावरचे जाणकार ‘सपाट करा’ असा सल्ला देतात. यंत्राने तो इतका मनावर घेतला की साऱ्या स्मरणिकेचे एकच चित्र झाले: अध्यक्षांच्या मनोगतावर उकडीचे मोदक, मोदकांवर ताळेबंद आणि सर्वांवर लिफ्टची थकबाकी. खरे सांगायचे तर हा आमच्या वार्षिक सभेचा हुबेहूब वृत्तान्त होता, पण तो छापणे शक्य नव्हते. शिवाय सुटी पाने निघाली तेव्हा त्यांच्या क्रमांकांत दहावे पान दुसऱ्याच्या आधी लागत होते, कारण यंत्र आकडे अक्षरांसारखे लावते.

शेवटी पॉप्लर या पीडीएफ हाताळणाऱ्या साधनसंचातले पीडीएफटूपीपीएम कामाला आले. ते न सांगता 150 ठिपके घेते, पाने पांढरी ठेवते आणि एकआकडी क्रमांकांपुढे शून्य लावून क्रमही सांभाळते. असे गुणी साधन कोणी आधी सुचवत नाही, याचे कारण बहुधा त्याचे नाव असावे.

फोटो ग्रुपवर गेले आणि अर्ध्या पानाची जाहिरात देणाऱ्या मिठाईवाल्यांचा फोन आला. छपाईच्या चार शायांसाठी बेतलेले त्यांच्या केशरी पेढ्यांचे रंग पडद्याच्या तीन रंगांत उतरताना चांगलेच भडकले होते. मी क्षमा मागण्याच्या तयारीत होतो, पण ते बेहद्द खूश होते. आता छापील प्रतीतही नेमका हाच रंग हवा, असा त्यांचा आग्रह आहे. कागदावरच्या शाईला तो झेपत नाही हे त्यांना पटवण्याचे काम कार्यकारिणीने, ‘‘संगणकातले तुम्हालाच कळते,’’ असे म्हणत, एकमताने माझ्याकडे सोपवले आहे.