तळपाय आणि नखंही बघा

त्वचेच्या कर्करोगावरच्या लेखात अंगावरच्या तिळाचा आकार, कडा, रंग तपासायला सांगितलंय ते योग्यच. पण सावळ्या त्वचेच्या लोकांनी तळपाय, तळहात आणि नखंही बघायलाच हवीत. तिथल्या मेलानोमाचा (त्वचेच्या एका घातक कर्करोगाचा) उन्हाशी फारसा संबंध नसतो, त्यामुळे नुसत्या सनस्क्रीनवर विसंबून चालत नाही. जमैकाचे प्रसिद्ध गायक बॉब मार्ले यांना तो पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली झाला. १९८१ मध्ये ते गेले तेव्हा वय अवघं ३६.

माझ्या बहिणीच्या नखावर काळी रेघ उमटली होती. बायोप्सीचा रिपोर्ट येईपर्यंत तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता. सुदैवाने काही निघालं नाही. रेघ रुंद होत असेल, काळेपणा नखालगतच्या कातडीवर पसरत असेल तर लगेच त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. उन्हात मात्र टोपी, पूर्ण बाह्या आणि दर दोन तासांनी सनस्क्रीन हवंच, ढगाळ हवेतसुद्धा.