साडेपाच हजार वर्षांचं सुतक

जावई चांगले मिळाले, यात वाद नाही. दारू नाही, सिगरेट नाही, आवाज चढवणं नाही. पण प्रत्येकाला एक तरी खोड असतेच. आमच्या जावयांना दगडांची आहे. आम्ही दोघं नागपूरहून तीन महिन्यांसाठी लेकीकडे इंग्लंडमध्ये स्विंडनला आलो आणि पहिल्याच आठवड्यात ते म्हणाले, "आई, रविवारी तुम्हाला वेस्ट केनेटला नेतो. फार सुंदर जागा आहे."

मला वाटलं, बाग असेल. फार तर एखादा राजवाडा. मी दशम्या केल्या, तिळाची चटणी केली, चांगली सिल्कची साडी नेसले आणि लेकीने आणलेले कोरे पांढरे बूट घातले. गाडी गावाबाहेर पडल्यावर कळलं, की थडगं बघायला चाललोय.

"कोणाचं?" मी विचारलं.

"छत्तीस जणांचं," जावई आनंदाने म्हणाले.

मी यांच्याकडे बघितलं. हे खिडकीतून मेंढ्या बघत होते. "अहो, पितृपंधरवडा सुरू आहे," मी हळूच म्हटलं. "मग बरंच आहे की," हे म्हणाले.

गाडी हमरस्त्याच्या कडेला उभी केली. स्वच्छतागृह कुठे आहे, असं विचारल्यावर लेक म्हणाली, "आई, आत्ताच घरून निघालोय ना?" म्हणजे नव्हतं. एका वेळी एकच माणूस मावेल असं एक फाटक, मग केनेट नदीवरचा छोटासा पूल (ही नदी म्हणे, आमचा नाग नालासुद्धा हिच्यापुढे मोठा) आणि मग शेताच्या कडेने चढ. अर्धा मैल म्हणाले होते. इंग्रजांचा मैल चढावर लांबतो. इथली जमीन खडूची, त्यामुळे चिखलही पांढरट. मला वाटलं, बुटांना लागला तरी दिसणार नाही. दिसण्याचा प्रश्नच आला नाही, कारण पन्नास पावलांत बूटच दिसेनासे झाले.

जावई पुढे चालत माहिती देत होते. हे थडगं म्हणजे माणसांनी रचलेली टेकडी, इ.स.पू. ३६५०च्या सुमाराची. स्टोनहेंजचे मोठे दगड उभे राहिले, त्याच्या हजार वर्षं आधीची. इजिप्तच्या मोठ्या पिरॅमिडच्याही आधीची. लांबी शंभर मीटर. समोर दुसरी एक टेकडी दिसत होती, अगदी पालथ्या पातेल्यासारखी. ती सिल्बरी हिल. तीही माणसांनीच रचलेली, पण तिच्यात कोणीही पुरलेलं नाही. ते नक्की करायला लोकांनी तिला १७७६ साली वरून खणलं, १८४९ साली बाजूने खणलं, १९६८ साली पुन्हा खणलं. काही नाही. १७७६चा तो खड्डा मात्र २००० साली खचला.

इथे हे पहिल्यांदा मनापासून खूश झाले. "म्हणजे दोनशे चोवीस वर्षं टिकला? आमच्या गल्लीतला एका पावसाळ्यात खचते!"

वर पोचलो. शंभर मीटर लांब गवताळ उंचवटा, आणि टोकाला माणसाच्या डोक्यावरून जाणारे दगड उभे. त्यांच्या मागे दार. हे दगड नंतरच्या लोकांनी थडगं बंद करताना लावले, म्हणजे कोणी आत जाऊ नये म्हणून. आम्ही आत गेलो. मला थोडं तिरकं व्हावं लागलं. माझ्याकडे बघू नका, असं सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं.

आत पाच खोल्या. दोन इकडे, दोन तिकडे, एक समोर. शंभर मीटरच्या टेकडीत खोल्या फक्त पहिल्या बारा मीटरांत, बाकी नुसती भर. म्हणजे गावाकडच्या जमीनदाराच्या वाड्यासारखं, आवार केवढं आणि राहायच्या खोल्या केवढ्या! सगळ्यांत आतली मोठी खोली बहुतेक पुरुषांची होती, असं खोदकामात दिसलं. बरोबरच आहे. बाकीचे सगळे दाराकडे, वाऱ्यात.

आणि पाऊस सुरू झाला. इथला पाऊस आपल्यासारखा सांगून येत नाही, पण आला की बसतो पाहुण्यासारखा. साडेबारा वाजून गेले होते. यांना शुगर आहे, गोळी सकाळीच झालेली. यांच्या कपाळावर घाम दिसायला लागला.

"आई, गाडीपर्यंत जाऊ या का?" लेक म्हणाली.

"त्या चढावरून? या पावसात?" मी डबा उघडला.

स्मशानात कोणी पाणीसुद्धा पीत नाही आमच्याकडे, आणि मी छत्तीस जणांच्या थडग्यात बसून दशमीवर चटणी वाढत होते. दगडांच्या फटींत लोकांनी फुलं खोचलेली, मेणबत्त्या लावून गेलेले, एका कोनाड्यात एक लालबुंद सफरचंद. म्हणजे देवस्थानासारखंच. फक्त दानपेटी नव्हती, तेवढं एक नवल.

खाताना जावयांनी बाकीचं वाढलं. हे छत्तीस जण पंचवीस-तीस वर्षांत, म्हणजे जवळपास एकाच पिढीत इथे आणून ठेवले. सतराव्या शतकात जवळच्या मार्लबरोचा टूप नावाचा डॉक्टर या भागातली जुनी हाडं उकरून न्यायचा आणि त्यांचं औषध करून शेजाऱ्यापाजाऱ्यांना द्यायचा. माझ्या हातात घास तसाच राहिला. "गुण यायचा का?" यांनी विचारलं. यांचे गुडघे दुखतात.

मग मला बरं वाटावं म्हणून असेल, जावई म्हणाले, "आई, १९५५-५६ साली हे ज्यांनी खणलं, त्यांतले पिगट महायुद्धात भारतात होते बरं का. हवाई फोटो तपासायच्या कामावर. नंतर त्यांनी प्राचीन भारतावर पुस्तक लिहिलं." आणि मग मूळ मुद्दा: "तुमच्या नागपूरजवळ जुनापाणीला अशीच दफनं आहेत. दगडांची तीनशे वर्तुळं. तुम्ही पाहिली असतीलच."

चाळीस वर्षं त्याच काटोल रोडवरून ये-जा केली. मी पाण्याची बाटली उघडण्यात गर्क झाले.

एक गोष्ट मात्र मला दिसली, जावयांच्याही आधी. एका उभ्या दगडावर तळहाताएवढा भाग गुळगुळीत होता. बाकी दगड खरबरीत आणि तेवढाच तुकतुकीत. मी हात फिरवला. माझ्या आईच्या मागच्या अंगणात असा एक दगड होता, त्यावर विळ्याला धार लावायची. "इथे काहीतरी घासलंय," मी म्हटलं. जावयांचे डोळे चमकले. दगडाच्या कुऱ्हाडी! घासून घासून गुळगुळीत करायचे त्या. त्यानंतर घरी येईपर्यंत मी "आमच्या आई" झाले.

निघताना यांनी दशमीचा एक तुकडा बाहेर टेकडीवर ठेवला. घरी गच्चीवर पानाशेजारी तासभर काव काव करावं लागतं तेव्हा कुठे एखादा येतो, तोही घास बघून तोंड फिरवतो. इथे मी पाठ फिरवायच्या आत काळा कुळकुळीत पक्षी उतरला आणि तुकडा घेऊन गेला. हे हात जोडून उभे राहिले. "छत्तीसही तृप्त दिसून राहिले," म्हणाले.

घरी आल्याबरोबर मी जाहीर केलं, आंघोळ केल्याशिवाय कोणी सोफ्यावर बसायचं नाही.

"आई, साडेपाच हजार वर्षं झाली त्यांना!"

"बातमी उशिरा कळली, की सुतक आंघोळीवर भागतं. आपल्याला आज कळली."

"आणि ते कुठे आपले दहा दिवसांचे?" हे म्हणाले. पण मी बादली कुठे आहे विचारल्यावर उठले. या घरात गरम पाण्याची टाकी तीन माणसांपुरती. आधी हे, मग मी, मग लेक. चौथे जावई. आतून फक्त एकदा मोठ्याने श्वास घेतल्याचा आवाज आला, तक्रार नाही. म्हणूनच म्हटलं, जावई चांगले मिळाले.

मी यांची पँट धुवायला घेतली, तर खिशातून टणकन सफरचंद पडलं. लालबुंद.

"अहो, हे..."

"घास ठेवला ना मी तिथे?" हे पेपरामागून म्हणाले. "देणंघेणं बरोबर झालं."

लेकीने कपाळावर हात मारला. जावई टॉवेलने डोकं पुसत बाहेर आले, ओठ निळे पडलेले. मी सफरचंद हातात धरून उभी होते, म्हणजे मी शिवले. यांनी तर दिवसभर खिशातच बाळगलं होतं.

"टाकी पुन्हा तापायला किती वेळ लागतो?" मी जावयांना विचारलं.