हिमोग्लोबिन ठीक म्हणजे लोह ठीक, असं नाही

हृदयरुग्णांना लागणाऱ्या दमाबद्दल एक लेख वाचला. दम लागत असेल तर लोहासाठी पालक, खजूर, गूळ-शेंगदाणे खा, हा त्यातला सल्ला वाईट नाही, पण फारच अपुरा आहे. बाबांना हार्ट फेल्युअर आहे, म्हणजे हृदय शरीराला पुरेसं रक्त पुरवू शकत नाही. दादरचा पूल चढताना ते मध्येच थांबून फेरीवाल्याला भाव विचारतात. घ्यायचं काही नसतं, दम खायचा असतो!

खरी मेख अशी की हिमोग्लोबिन चांगलं असूनही शरीरात लोह कमी असू शकतं. लोह फक्त रक्तासाठी लागत नाही. स्नायूंच्या पेशींत ऊर्जा तयार व्हायलाही ते लागतं. म्हणून फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा अंदाज) आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात लोह वाहणाऱ्या प्रथिनावर किती टक्के लोह भरलंय ते) दोन्ही बघावं लागतं. हार्ट फेल्युअरमध्ये फेरिटिन १०० च्या खाली, किंवा १०० ते २९९ असून सॅच्युरेशन २० टक्क्यांहून कमी, म्हणजे कमतरता असा निकष बहुतेक अभ्यासांत वापरलाय. लॅबच्या छापील रिपोर्टवर मात्र ६० फेरिटिनही 'नॉर्मल' दिसतं.

आणि गोळ्या? २०१७ च्या आयर्नआउट चाचणीत १६ आठवडे लोहाच्या गोळ्या देऊनही व्यायामक्षमता वाढली नाही. या आजारात हेप्सिडिन (लोहाचं शोषण रोखणारं संप्रेरक) वाढलं की आतड्यातून लोह नीट शोषलं जात नाही. २००९ च्या फेअर-एचएफ चाचणीत शिरेतून लोह दिल्यावर रुग्ण सहा मिनिटांत जास्त अंतर चालू लागले. आयुष्य वाढतं का, याचा पुरावा इतका ठाम नाही. शिवाय हे बहुतांशी हृदयाचं पंपिंग कमी झालेल्या हार्ट फेल्युअरच्या रुग्णांबद्दल आहे, सरसकट सगळ्यांना लागू नाही. लेखात निदान फेरिटिनचं नाव तरी यायला हवं होतं.