पोर्तुगीज पासपोर्ट असेल तर डॉट ईयू जात नाही

परवा रात्री अकराला फोंड्याहून मावशीचा फोन. "अरे, त्याची वेबसाइट जाणार म्हणे. पंधरा हजार भरूया?" मावसभाऊ इंग्लंडात स्विंडनला असतो, पोर्तुगीज पासपोर्टवर. लग्नांचे फोटो काढतो, साइटचा पत्ता, म्हणजे डोमेन, डॉट ईयूवर, युरोपियन युनियनच्या शेपटाचं. मावशीला आलेला मेसेज दोन आठवडे आमच्याकडच्या प्रत्येक ग्रुपवर फिरतोय. त्यात म्हटलंय: ब्रेक्झिटनंतर इंग्लंडात राहणाऱ्या कुणालाच डॉट ईयू ठेवता येत नाही, पोर्तुगीज पासपोर्टही चालत नाही. डॉट आयओ बंद झालं. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या गोंयकारांचं भारताचं डॉट इनही जाणार. तेव्हा पैसे आणि डोमेनचा ऑथ कोड (डोमेन हलवायचा पासवर्ड) आमच्याकडे पाठवा!

पासपोर्ट चालत नाही हे धादांत खोटं आहे. युरोपियन युनियनचा २०१९चा ५१७ क्रमांकाचा नियम काढून वाचा. युनियनचा नागरिक कुठंही राहत असो, त्याला डॉट ईयू घेता येतं, असं त्यात स्वच्छ लिहिलंय, आणि ही तरतूद १९ ऑक्टोबर २०१९पासून लागू आहे. आजोबांचा जन्म १९६१च्या आधी गोव्यातला म्हणून लिस्बनला नोंद करून ज्यांनी पासपोर्ट काढला, ते पोर्तुगालचे, म्हणजे युनियनचेच नागरिक. भावानं ब्रेक्झिटच्या वेळी एवढंच केलं: राहण्याचा देश ब्रिटन तसाच ठेवला आणि नागरिकत्वाच्या रकान्यात पोर्तुगाल निवडलं. पाच मिनिटं लागली, पैसा एकही नाही.

आता यात खरं काहीच नाही असं म्हणता येत नाही. १ जानेवारी २०२१ला ब्रिटनमधली ८० हजारांच्या आसपास डॉट ईयू डोमेनं खरोखर बंद पडली आणि ज्यांनी पात्रता दाखवली नाही त्यांची पुढे २०२२ला कायमची गेली. डोमेन ब्रिटिश कंपनीच्या नावावर असेल तर मालकाचा पासपोर्ट कामाला येत नाही; ते स्वतःच्या नावावर करून घ्यावं लागतं. पण ही सगळी जुनी गोष्ट. आज घाबरवायला ती का उकरून काढता?

डॉट आयओ चालू आहे. ते ब्रिटनच्या ताब्यातल्या हिंदी महासागरातल्या चागोस बेटांच्या नावावरचं डोमेन. चागोस बेटं मॉरिशसला देण्याच्या करारावर मे २०२५मध्ये सह्या झाल्या, त्यावरून ही आवई उठली. देश गेला की डोमेन दुसऱ्या दिवशी जात नाही. युगोस्लाव्हियाचं डॉट वाययू २०१०पर्यंत होतं, सोव्हिएतचं डॉट एसयू अजून आहे. आणि डॉट इन तर कुठल्याही देशाच्या माणसाला घेता येतं.

मला संताप येतो तो ऑथ कोडचा. हा कोड हातात आला की डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे (डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीकडे) हलवता येतं, मालकाचं नावही बदलता येतं. पंधरा हजार गेले तर पुन्हा कमावता येतील, पण गिऱ्हाइकांना पाठ झालेला पत्ता गेला तर मुलाचा धंदा बसतो. आणि हा मेसेज त्या मुलांना जात नाही, इथं घरी असलेल्या आईवडलांना जातो, ज्यांना या कोडचा अर्थ माहीत नाही.

मावशीनं कोड दिला नव्हता. ज्यांनी दिलाय त्यांनी आजच्या आज मुलाला कळवा. त्यानं आपल्या रजिस्ट्रारकडून कोड बदलून घ्यावा आणि मालकाच्या रकान्यात अजून त्याचंच नाव आहे ना, ते बघावं.